किनवटहून छातीत दुखणारा रुग्ण थेट नांदेडला न्यावा की आधी इथंच दाखवावा?

आधी इथंच, गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. नांदेडला पोहोचायला तीन तासांच्या आसपास जातात. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाली, म्हणजे हृदयविकाराचा मोठा झटका आला, या निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी (नळी घालून बंद रक्तवाहिनी उघडणं) होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच द्यायचं आणि मग पुढं पाठवायचं, हाच उपचाराचा नियम आहे. अशी इंजेक्शनं दोन: टेनेक्टेप्लेस वजनानुसार एका झटक्यात देता येतं. स्ट्रेप्टोकायनेजचे 15 लाख युनिट 30 ते 60 मिनिटं सलाईनमधून जातात. यातलं काय तिथं शिल्लक असतं, रात्री ईसीजी कोण वाचतं, हे आजच जाऊन विचारून या.

रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. जीपमध्ये हृदय बंद पडलं तर शॉक द्यायला काही नसतं. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलेले बरेच रुग्ण इथंच हातचे जातात. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम चावून खायला द्या. जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र स्वतःहून ठेवू नका, बीपी आधीच उतरलेलं असेल तर ते आणखी कोसळतं. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडं पक्षाघात किंवा ऑपरेशन, काळी शौच, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा.

इंजेक्शननंतर 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. फरक नसेल तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते, म्हणून गाडी तेवढा वेळ थांबवून ठेवायची नाही. फरक पडला तरी 3 ते 24 तासांत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) व्हायला हवी. रेफर चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव, मात्रा आणि वेळ लिहून घ्या, दोन्ही ईसीजी सोबत ठेवा. नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

रेशनकार्ड आणि आधार खिशात ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. निघतानाच 155388 वर नांदेडचं कोणतं रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत आहे ते विचारा, आणि पोहोचताच आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) गाठा.

आपल्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्र लोकसंख्येवर ठरतं: सपाट भागात 30,000, आदिवासी भागात 20,000. कॅथलॅबपर्यंतचं (अँजिओप्लास्टी जिथं होते त्या विभागापर्यंतचं) अंतर या हिशोबात कुठंच येत नाही. म्हणून किनवट-माहूरला नांदेडमधल्या आणखी एका कॅथलॅबपेक्षा उपजिल्हा रुग्णालयात 24 तास ईसीजी, साठ्यात टेनेक्टेप्लेस आणि ते देण्याची तयारी असलेला डॉक्टर जास्त गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीकडं लेखी मागायचं तर हेच मागा.