मणक्याला मार लागल्यावर दुखणंच कळत नसेल, तर दवाखान्यात कधी न्यायचं?

तुम्ही विचारलंय की भावाच्या मानेच्या मणक्याला मार लागून सहा महिने झाले, छातीखाली त्याला काहीच जाणवत नाही, मग आत काही बिघडलं तर कळणार कसं. माझे मिस्टर इथे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका कारखान्याच्या पत्र्यावरून पडले त्याला सात वर्षं झाली. त्यांचीही मानच. मी डॉक्टर नाही, घरी करते-सवरते तेवढं सांगते.

आधी एक नाव पाठ करा: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. मार छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर हे होऊ शकतं. खाली काही तुंबलं, रुतलं तर मेंदूला कळत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी भराभर चढतो. एका एप्रिलात भर दुपारी, कूलर चालू असताना यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. चेहरा लालबुंद, दंडावर काटा, "डोकं फुटतंय" म्हणाले. मला वाटलं ऊन बाधलं, लिंबू कापायला उठलेसुद्धा. मग बीपी मोजला, वरचा १७०. एरवी यांचा १०० असतो. पांघरूण काढलं तर लघवीच्या कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली आणि पिशवी कोरडी. नळी सरळ केल्याबरोबर पिशवी भरायला लागली, थोड्या वेळाने डोकंही थांबलं.

तेव्हा असं काही दिसलं तर आडवं ठेवू नका. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, नळी बघा. मग अंगाखाली काही रुततंय का, पायाचं नख आत गेलंय का ते पाहा. संडासचा खडा अडकला असेल तर न शिकता बोटाने काढायला जाऊ नका, बीपी आणखी चढू शकतो. दर दोन-तीन मिनिटांनी मोजा. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरत नसेल तर १०८ लावा, वाट बघत बसू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ताप आला की आमच्याकडे घोळ होतो, कारण सोलापूरचा उन्हाळा. मानेच्या दुखापतीत खालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या गरम खोलीनेही अंग तापतं. ओल्या फडक्याने पुसून, गार जागी नेऊन उतरलं तर ठीक. थंडी वाजून आलं, लघवी गढूळ, वास मारणारी, पाय नेहमीपेक्षा जास्त ताठरायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट फुगलं, उलट्या, जेवण नको, तरीही तेच. अपेंडिक्सचं दुखणं या माणसांना जाणवेलच असं नाही.

एकच पोटरी सुजली, गरम लागली तर रक्ताची गाठ असू शकते. घरातलं कुणीतरी तेल घेऊन येईल, मालिश करू देऊ नका. एकदम धाप लागली तर लगेच इमर्जन्सीत.

माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, हात लावून पाहा: गरम, कडक किंवा काळपट ठिगळ अर्ध्या तासात गेलं नाही तर त्या जागेवर भार देऊ नका. कातडी फुटली तर दाखवा, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

आणि वर्षांनी जरी हाताची ताकद कमी झाली, बधिरपणा वर सरकला, तरी न्यूरोसर्जनला गाठा. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होऊ शकते, ती एमआरआयमध्येच दिसते.

एका दवाखान्यात आम्हाला "बीपी १४० म्हणजे नॉर्मलच" म्हणून परत पाठवलं होतं. यांच्यासाठी ते नॉर्मल नव्हतं. तेव्हापासून व्हीलचेअरच्या पिशवीत एक कागद असतो: दुखापत कुठल्या मणक्याची, एरवीचा बीपी किती, आणि ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव. भावाचा बीपी आठवडाभर बरा असताना मोजा आणि असाच कागद करा.