उत्खननाचा फोटो म्हणजे पुरावा आणि कलाछायाचित्र म्हणजे कल्पना, मग दोघांचं नातं काय?

तुमच्या प्रश्नातली वाटणीच मला मान्य नाही. मी बरीच वर्षं उत्खननांवर फोटो काढलेत, त्यामुळे ‘निव्वळ पुरावा’ कसा तयार होतो ते ठाऊक आहे.

ट्रेंचच्या, म्हणजे उत्खननासाठी खणलेल्या चराच्या, अंतिम फोटोची तयारी पहाटे सुरू होते. सेक्शन, म्हणजे चराची थर दाखवणारी उभी बाजू, ट्रॉवेलने (लहान थापीने) खरवडायची, तळ ब्रशने झाडायचा, थरांचे रंग उठावेत म्हणून पाणी फवारायचं. उन्हाच्या सावल्या पडायच्या आत स्केल (मापपट्टी), उत्तरेचा बाण आणि माहितीची पाटी ठेवायची. मग हाक येते, “फ्रेममधून बाहेर व्हा!”

एकदा ती हाक यायच्या आधीच मी बटण दाबलं. चुलीपाशी ओल्या मातीत दोन गुडघ्यांचे ठसे होते, शेजारी घमेलं. चार दिवस तिथे बसून एका बाईने ती चूल राखेतून मोकळी केली होती. संचालक म्हणाले, “ते पुसा आणि परत काढा. हा पुरावा नाही, सजावट आहे.” पुसलं. अहवालात छापलेल्या फोटोत चूल जणू आपोआप वर आलीय. मग सजावट कुठल्या फोटोत होती? तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून आज बोलतोय.

नातं जुनंच आहे. १८३९ मध्ये फ्रान्सच्या संसदेत शास्त्रज्ञ आरागोने छायाचित्रणाची बाजू मांडली, तेव्हा इजिप्तमधली चित्रलिपी उतरवून घेण्याचा उपयोग त्याने आवर्जून सांगितला. तुतनखामनच्या थडग्यात उत्खननाचा छायाचित्रकार हॅरी बर्टन वस्तूंशेजारी क्रमांकाची कार्डं ठेवायचा आणि प्रकाशही एखाद्या चित्रकारासारखा पाडायचा. त्याने पुरावा कमी झाला का?

उलट टोकाला फ्रेंच कलाछायाचित्रकार सोफी रिस्तेलह्युबेर. आखाती युद्धानंतर, १९९१ मध्ये, तिने कुवेतच्या वाळवंटातले खंदक आणि खड्डे आकाशातून आणि जमिनीवरून टिपले. स्केल कुठेच नाही. खंदक आहे की मातीवरचा ओरखडा, पटकन कळत नाही. जमिनीवरच्या खुणांवरून घटना वाचायची, हे पुरातत्त्वाचंच काम आहे.

मात्र अहवालातल्या फोटोत स्केल हवाच, त्यावर संचालकांशी माझा वाद नाही. पुढे एका प्रदर्शनवाल्याने माझ्याच फोटोतला स्केल ‘गूढ वाटेल’ म्हणून कापायला सांगितला, त्याला मी नकार दिला.

ठशांची ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, पण नोंदवहीत तिला क्रमांक नाही. तुम्ही या कामात येणार असाल तर झाडण्याआधीचा एक आणि नंतरचा एक फोटो काढा, दोन्हींना क्रमांक द्या आणि खणणाऱ्याचं नाव लिहा. संचालक नको म्हणाले तरी.