मुलानला ‘ची’ कशाला हवी होती?

मुलान म्हणजे वडिलांच्या जागी पुरुषवेशात सैन्यात जाणारी चिनी लोककथेतली मुलगी. तिची गोष्ट डिस्नेने दोनदा पडद्यावर आणली : १९९८ साली ॲनिमेशनमधून आणि २०२० साली खरे नट-नट्या घेऊन. या दोन चित्रपटांच्या तुलनेबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : २०२० ची मुलान जास्त शूर, जास्त चपळ. तरी लढाईत तिची काळजी वाटत नाही. असं का होतं? (वाचक, पुणे)

दोन्ही चित्रपटांतला सरावाचा प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ॲनिमेशनपटात कॅप्टन शांग उंच खांबाच्या टोकाशी बाण मारतो आणि दोन्ही मनगटांना एकेक जड चकती बांधून तो काढून आणायला सांगतो. सगळे घसरून पडतात. मुलानही पडते. पुढे तर तिला घरी जायला सांगितलं जातं. त्या रात्री ती पुन्हा खांबाशी जाते, चकत्यांचे पट्टे खांबाला वळसा घालून एकमेकांत अडकवते आणि माडावर चढणारा दोर वापरतो तसा त्यांचा आधार घेत वर जाते. युक्ती आपल्याला दिसते, पटते आणि लक्षात राहते. म्हणून शेवटी राजवाड्याच्या खांबांवर चढताना मुलान आणि तिचे सोबती कमरेचे शेले तसेच वापरतात, तेव्हा समजावून सांगायची गरज पडत नाही.

२०२० मध्ये खांबाच्या जागी बादल्या आल्या. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, हात खांद्याच्या रेषेत ताठ, आणि डोंगर चढायचा. इथेही सगळे थकतात. मुलान मात्र वर पोहोचते, कारण तिने आपली ‘ची’ मोकळी सोडलेली असते. (चिनी उच्चार ‘छी’ला जवळचा आहे, पण मराठीत तो छापला तर भलताच अर्थ निघेल.) ‘ची’ म्हणजे शरीरातली प्राणशक्ती. इथे युक्ती नाही, चूक नाही, चूक सुधारणंही नाही. पहिल्याच प्रसंगात लहानगी मुलान कोंबडीमागे छपरांवरून धावते, म्हणजे शक्ती तेव्हापासून तिच्यापाशी आहेच. मग काळजी कुठून वाटणार?

नव्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका निकी कारो यांची अडचणही समजून घ्यायला हवी. रेखाटलेली मुलगी आठ-दहा धिप्पाड सैनिकांना लोळवते, तेव्हा प्रेक्षक कारण विचारत नाही. रेषेला वजन नसतं. तेच मुलान साकारणाऱ्या लिऊ यिफेईने पायाने भाला उडवून करायचं, तर कारण द्यावं लागतं. ते चिनी तलवारबाजीच्या चित्रपटांतून उचललं. मात्र त्या परंपरेत ‘ची’वर ताबा येतो तो गुरूपाशी वर्षानुवर्षं घासल्यावर, आणि स्त्री योद्ध्यांना ती लपवावी लागत नाही. इथे वर्षं गाळली, करामत ठेवली आणि वर ‘मुलीने ची वापरली तर ती चेटकीण’ असा नियम जोडला. चित्रपट इथेच घसरतो.

प्रश्न : मूळ लोककथेला जास्त धरून कोणता? (वाचक, बेळगाव)

‘मूळ’ म्हणजे एक छोटं कथागीत. ते साधारणपणे उत्तर वेई राजवटीच्या काळातलं (३८६–५३४) मानतात. आज वाचला जातो तो पाठ पुढे सोंग काळातल्या क्वो माओछिएन यांच्या संग्रहातून आला. आपल्याकडे कुणी त्याला पोवाडा म्हणतं, पण पोवाड्यात लढाई लागते आणि इथे ती सगळी सहा ओळींत उरकली आहे. घरी परतण्याला मात्र सोळा ओळी! आईवडील वेशीबाहेर येतात, थोरली बहीण नटते, धाकटा भाऊ डुकरा-मेंढ्यासाठी सुरी परजतो, मुलान जुने कपडे घालून केस विंचरते. मग ती बाहेर येते आणि सोबती चक्रावतात : बारा वर्षं बरोबर होतो, ही मुलगी आहे हे कळलं नाही! शिक्षा नाही, बदनामी नाही, प्रेमकथाही नाही.

आता गुपित फुटण्याचा प्रसंग पाहा. गीतात मुलान ते स्वतःहून उघड करते, तेही लढाई संपल्यावर. १९९८ मध्ये ती जखमी होते आणि वैद्याच्या तपासणीत ते फुटतं, म्हणजे निव्वळ अपघात. २०२० मध्ये ती भर युद्धात चिलखत उतरवते, केस मोकळे सोडते आणि घोडा पुढे घालते. बाण सुटत असताना वडिलांचं चिलखत फेकून देणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण निर्णय तिचा आहे. तेवढ्यापुरता नवा चित्रपट गीताला जवळचा.

केसांचंही तसंच. तलवारीने केस कापणारी मुलान १९९८ ची खूण बनली, पण जुन्या चीनमध्ये पुरुषही लांब केस राखून डोक्यावर बांधत. शरीर, केस, त्वचा ही आईवडिलांची देणगी, तिला इजा करायची नाही, ही ‘शियाओ-चिंग’ या मातृपितृभक्तीवरच्या ग्रंथाची शिकवण. मुलगा दिसण्यासाठी केस कापायची गरजच नव्हती. २०२० मध्ये ती फक्त अंबाडा बांधते.

घराच्या बाबतीत मात्र नव्या चित्रपटाने गडबड केली. त्यात मुलान गोल, भक्कम मातीच्या ‘थुलोउ’मध्ये राहते. ही घरं दक्षिणेकडच्या फूच्येन प्रांतातली आणि बरीच नंतरच्या शतकांतली. गीतातली मुलान सकाळी घर सोडते आणि संध्याकाळी पीत नदीकाठी मुक्काम करते. फूच्येनहून एका दिवसात ते जमायला तिची ‘ची’सुद्धा पुरणार नाही. १९९८ ची चूक वेगळी : तिथला राजवाडा बीजिंगच्या निषिद्ध नगरासारखा, म्हणजे पंधराव्या शतकातला, आणि शस्त्रांत दारूगोळ्याची रॉकेटं.

शत्रूंबद्दल एक गंमत. दोन्हीकडे स्वारी करणारे उत्तरेचे भटके लोक : आधी हूण, मग रौरान. उत्तर वेईचं वैर रौरानांशी होतं, तेव्हा २०२० ची निवड बरोबर. पण त्यात खलनायकाला ‘खान’ म्हटलं आहे, आणि गीतात ‘खान’ हा मुलानचाच राजा!

प्रश्न : मुशू आणि शांग यांना का वगळलं? (वाचक, दुबई)

मुशू हा ॲनिमेशनपटातला मुलानचा सोबती, एक छोटा ड्रॅगन. चीनमध्ये ड्रॅगन हे राजसत्तेचं चिन्ह. बडबड्या, फजिती होणारा ड्रॅगन तिथे अनेकांना खटकला होता. त्याची जागा फिनिक्सने घेतली. शांगची दोन पात्रं झाली : सेनापती तुंग आणि बरोबरीचा सैनिक होंगहुई. ज्याच्या हुकमाखाली आहोत त्याच्याच प्रेमात पडणं ‘मी टू’ चळवळीनंतर बरं दिसत नाही, असं निर्मात्यांनी सांगितलं होतं. ॲनिमेशनपटातला रातकिडा मात्र राहिला, ‘क्रिकेट’ (इंग्रजीत रातकिडा) नावाचा सैनिक होऊन.

प्रश्न : सातवीच्या वर्गात ४५ मिनिटांच्या तासात ही तुलना कशी घ्यावी? (शिक्षिका, सांगली)

पूर्ण चित्रपट दाखवू नका. नवा एकटाच ११५ मिनिटांचा आहे आणि अमेरिकेत त्याला पीजी-१३ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं) मानांकन आहे. आधी दहा मिनिटं कथागीताचा अनुवाद मोठ्याने वाचा. मग खांबाचा प्रसंग (तो एका गाण्यात येतो) आणि बादल्यांचा प्रसंग लागोपाठ दाखवा. दोन्ही आधीच योग्य जागी थांबवून ठेवा आणि आवाजाची पातळी जुळवून घ्या, नाहीतर पाच-सात मिनिटं त्यातच जातात.

बहुतेक वर्गांत चर्चा इथे फसते : मुलं ‘मुशू नाही, गाणी नाहीत’ अशी यादी करत बसतात. त्याऐवजी दोन्ही प्रसंगांना एकच प्रश्न लावा : ती वर पोहोचली ती कशामुळे? उत्तर प्रत्येकाने एका वाक्यात वहीत लिहावं, मगच बोलावं.

वेळ उरला तर ॲनिमेशनपटातली सैनिकांची कूच दाखवा. आपापल्या स्वप्नातल्या बायकोचं गाणं गात ते डोंगरातून चाललेले असतात, समोर जळालेलं गाव येतं आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. त्यानंतर चित्रपटात कुठलंही पात्र गात नाही. गाणं तुटताच काही मुलांना व्हिडिओ अडकला असं वाटेल, हसूही येईल. तेव्हा रिमोटला हात लावू नका, काही समजावूनही सांगू नका. पुढची शांतता पूर्ण जाऊ द्या.