लाकूडकामाच्या लेथवरच्या टूल्सना धार लावताना बेव्हलचा (धारेमागच्या घासलेल्या उताराचा) कोन कसा मोजावा? दरवेळी वेगळा आकडा का येतो?

तुम्ही लिहिलंय की एकाच बोल गाउजचा (वाडगे कोरायच्या पन्हाळीदार टूलचा) कोन तीनदा मोजला आणि ५०, ५३ आणि ५६ अंश असे तीन आकडे आले. कोनमापकाला दोष देऊ नका. तीन वेळा तुम्ही बहुधा तीन निराळे कोन मोजलेत.

गाउजचा कोन एकाच जागी मोजायचा: नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) बरोबर मध्यावर, पन्हाळीचा तळ आणि बेव्हल यांच्यामध्ये. थोडं डावी-उजवीकडे सरकलात की पंखाकडचा (बाजूच्या धारेचा) कोन मिळतो आणि तो वेगळा असतोच, कारण पंख घासताना टूल फिरवलेलं असतं. शिवाय पुष्कळ जण बोल गाउजची टाच (बेव्हलचं धारेपासून लांबचं, मागचं टोक) मुद्दाम घासून कमी करतात. तिथे दोन उतार तयार होतात. कोनमापक मागच्या उतारावर बसलं की आकडा चुकलाच. आधी धारेलगतचा उतार कुठे संपतो ते नीट उजेडात पाहून घ्या.

यापेक्षा चकवणारी गोष्ट म्हणजे चाकाची गोलाई. ग्राइंडरवर घासलेला बेव्हल सपाट नसतो, मध्ये किंचित खोल असतो. कोनमापकाचा हात टाच आणि धार या दोन टोकांवर टेकतो आणि मधून उजेड दिसतो. म्हणजे आपण मोजतो तो त्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेचा कोन. प्रत्यक्ष धारेपाशी पोलाद त्याहून पातळ असतं. २०० मिमी व्यासाचं चाक आणि १० मिमी लांब बेव्हल धरा: फरक सुमारे ३ अंश. १५० मिमीच्या चाकावर तो जवळजवळ ४ अंशांवर जातो. बेव्हल जितका लांब, तितका फरक जास्त. त्यामुळे कुणी ‘मी ५५ वर धार लावतो’ म्हटलं, तर त्याच्या ५५ आणि तुमच्या ५५ मध्ये इतकं अंतर सहज असू शकतं. मी दोन टोकांचाच कोन धरतो आणि तसाच वहीत लिहितो.

स्क्यू (तिरक्या धारेचं सपाट टूल) आणि पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळं करायचं अरुंद टूल) यांच्यासाठी तर मला कोनमापक लागतच नाही, व्हर्नियर (जाडी-लांबी बारकाईने मोजायचं कॅलिपर) पुरतो. दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या असतील तर पात्याची जाडी बेव्हलच्या लांबीच्या दुपटीने भागा. हा भागाकार ज्या कोनाचा साइन असेल, त्याची दुप्पट म्हणजे पूर्ण कोन. जाडी ६ मिमी आणि बेव्हल ८.८ मिमी असेल तर जवळपास ४० अंश. एकाच बाजूने घासलेल्या टूलला हिशोब आणखी सोपा: बेव्हल जाडीच्या दुप्पट असेल तर ३० अंश, साधारण १.४ पट असेल तर ४५. स्क्यूची धार तिरकी असल्यामुळे बेव्हलची लांबी धारेला काटकोनात घ्या, पात्याच्या कडेने नको. धार दांड्याशी ७० अंशांत तिरकी असेल तर कडेने पाहताना ४० चा कोन ३८ च्या आसपास दिसतो.

आता आकडे. बोल गाउज ४० ते ६०, स्पिंडल गाउज (लांबट कामावरच्या नक्षीसाठी) ३० ते ४५, रफिंग गाउज (चौकोनी लाकूड गोल करायला) ४५ च्या आसपास, स्क्रेपर (खरवडायचं टूल) ७० ते ८०. या पट्ट्यांत दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर लाकडाला कळत नाही. पण दरवेळी निराळा कोन लागला तर तुमच्या हाताला मात्र नक्की कळतं, कारण बेव्हल टेकवायची सवय मोडते. शिवाय नवीन कोन बसवायला जास्त पोलाद घासावं लागतं आणि टूल लवकर आखूड होतं. म्हणून मनासारखा कोन सापडला की त्याच टूलवरून जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा साचा कापून ठेवा. पुढच्या वेळी साचा लावायचा आणि उजेड कुठून येतो ते बघायचं.

रोज धार लावताना मी मोजतही नाही. बेव्हलवर काळा मार्कर फिरवतो, ग्राइंडर बंद ठेवून टूल ग्राइंडरच्या रेस्टवर (टूल टेकवायच्या आधारावर) टेकवतो आणि चाक हाताने थोडं फिरवतो. शाई फक्त टाचेकडची गेली तर रेस्टचा कोन जुन्या बेव्हलपेक्षा लहान बसलाय, फक्त धारेपाशी गेली तर मोठा. सगळीकडून सारखी खरवडली गेली की मग मशीन चालू. हे दरवेळी करा, कारण चाक झिजून लहान होत जातं आणि रेस्ट जागचा हलला नसला तरी कोन बदलतो.