डिस्ने वर्ल्डजवळ घर घेतलं तर त्याचं अप्रूप राहील का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: नवऱ्याला फ्लोरिडात, ओरलँडोला नोकरी मिळतेय, तुम्ही चौघं वर्षा-दोन वर्षांनी तिथल्या डिस्ने वर्ल्डला जाता, ती सहल घरात सगळ्यांच्या जिव्हाळ्याची आहे, आणि पार्कच्या शेजारीच राहायला गेलात तर ते सगळं रोजचं होऊन बसेल अशी धास्ती वाटतेय. मी बरीच वर्षं पार्कच्या उत्तरेला, विंटर गार्डनच्या बाजूला राहते. त्याआधी तुमच्यासारखीच लांबून विमानाने यायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. जागा बिघडत नाही. सहल मात्र संपते, आणि तिची भरपाई कशानेच होत नाही. हे मनाशी मान्य करून या, म्हणजे नंतर चुटपुट लागणार नाही.

सहलीत नेमकं काय काय असतं ते आठवून बघा. चार-सहा महिने आधी तारखा ठरतात, मुलं कॅलेंडरवर फुल्या मारत बसतात, कुठल्या दिवशी कुठला पार्क यावरून जेवताना वाद रंगतात. नेदरलँड्समधल्या 1,530 लोकांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुट्टीवर जाणारे लोक घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त खुशीत आढळले, पण ते जाण्याच्या आधी. परत आल्यावर, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती ते सोडले, तर दोघांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. मला यात काहीच नवल वाटत नाही. अर्धी मजा वाट बघण्यातच असते, आणि इथे राहायला आलं की वाट बघायला जागाच उरत नाही. शनिवारी सकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, "जाऊया का?" आणि तासाभरात आपण पार्किंगमध्ये असतो. शेवटच्या रात्री मॅजिक किंगडम या मुख्य पार्कच्या मेन स्ट्रीटवरून बाहेर पडताना मागे वळून कॅसलकडे बघायचं, मुलांचे डोळे भरून यायचे, तेही जातं. कॅसल उद्याही तिथेच असणार आणि आपणही इथेच असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पहिल्या वर्षी मला याचं वाईट वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल.

पण मग दुसरं काहीतरी सुरू होतं, आणि ते पाहुण्यांच्या वाट्याला कधीच येत नाही. पाहुणा सकाळी गेट उघडायच्या आधी हजर असतो आणि रात्री पाय ओढत हॉटेलवर येतो, कारण प्रत्येक तासाचे पैसे मोजलेले असतात. इथला माणूस संध्याकाळी साडेपाचला जातो, एकच गोष्ट करतो आणि जेवायच्या वेळेला घरी येतो. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँड भागातली पीपलमूव्हर, उंचावरून संथपणे फिरवणारी गाडी, घ्या. 1975 पासून चालू आहे. डब्यांमध्ये इंजिन किंवा मोटर काही नाही, रुळांत बसवलेले विद्युतचुंबक त्यांना पुढे ढकलतात, म्हणून आवाज जवळजवळ नाहीच. सहलीला आलो होतो तेव्हा ही राइड म्हणजे आमच्या लेखी पाय दुखायला लागले की बसायची जागा होती. आता मी कधीकधी फक्त तिच्यासाठी जाते. दुपारी वळीव कोसळून गेलेला असतो, खालचे रस्ते ओले असतात, अजून रेनकोट घातलेली माणसं निथळत फिरत असतात. डबा संथपणे वळण घेतो आणि स्पेस माउंटन या काळोखातल्या रोलर कोस्टरच्या पोटात शिरतो. एकदम काळोख. कुठून तरी वरून किंचाळ्या येतात, एखादी प्रकाशाची रेघ सर्रकन जाते, आणि पुन्हा उजेड. वाटेत एका काचेमागे वॉल्ट डिस्नेच्या मनातल्या मूळ एपकॉट शहराच्या जुन्या प्रतिकृतीचा एक तुकडा दिसतो. एपकॉट 1982 मध्ये उघडलं ते पार्क म्हणून, माणसांनी राहायचं ते शहर कधी झालंच नाही. ती छोटी छोटी घरं आणि दिवे नीट बघायला मला इथे राहायला यावं लागलं.

तुमची दुसरी शंका अशी होती की पडद्यामागचं सगळं कळलं की गंमत निघून जाईल. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. मॅजिक किंगडमचे रस्ते खरं तर दुसऱ्या मजल्यावर आहेत, हे माहीत होतं का? फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. त्यामुळे कर्मचाऱ्यांची ये-जा, कपडे, कचरा, सामान यांच्यासाठीचे बोगदे जमिनीखाली नेता आले नाहीत. ते जमिनीवरच बांधले, समोरचा सेव्हन सीज लगून खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि त्यावर पार्क उभा केला. मेन स्ट्रीटच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे आहेत, म्हणून त्या आहेत त्यापेक्षा उंच भासतात. कॅसल 189 फुटांचा, तोही याच युक्तीने आणखी उंच वाटतो. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर जी दुकानदारांची नावं रंगवलेली दिसतात, ती पार्क उभारणाऱ्या खऱ्या माणसांची आहेत. हे कळल्यापासून मी मेन स्ट्रीटवर मान वर करून चालते. कोणीतरी आपल्याला भुलवण्यासाठी एवढी मेहनत घेतली, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

मग बिघडतं कशाने? माझ्या मते सगळ्यात आधी पास वसूल करायच्या नादाने. फ्लोरिडाचा पत्ता असलेलं लायसन्स हातात आलं की वार्षिक पासचे जास्त पर्याय मिळतात, पैसे महिन्याच्या हप्त्यांनी भरता येतात, पासवाल्यांना साधं पार्किंगही फुकट. सगळ्यात स्वस्त पास, पिक्सी डस्ट, फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी असतो आणि तो मुख्यतः सोमवार ते शुक्रवार चालतो. शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या तारखा बंद. मुलं शाळेत असली की नेमके तेच दिवस हवे असतात, म्हणून माणूस वरचा, महाग पास घेतो, आणि मग डोक्यात हिशोब सुरू होतो. या महिन्यात किती वेळा गेलो? अजून किती वेळा गेलो की पैसे सुटतील? ऑगस्टच्या उन्हात, अंगात त्राण नसताना, केवळ पास आहे म्हणून मुलांना ओढत नेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी पुढे पार्कचं नाव काढेनाशी झाली. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती अशी येते, जवळ राहिल्यामुळे नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की एक वर्ष पास घ्या आणि पुढच्या वर्षी मुद्दाम घेऊ नका. आवडत्या अनुभवात मध्ये खंड पडला तर त्याची गोडी पुन्हा वाढते, असं नेल्सन आणि मायविस या दोन संशोधकांनी 2008 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. त्यांचे प्रयोग अगदी छोट्या सुखांवरचे होते, पण पासच्या बाबतीतही मी हेच बघत आलेय. पास नसलेल्या वर्षी डिस्ने पूर्ण तुटत नाहीच. डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानांच्या आणि खाण्यापिण्याच्या भागात पार्किंग आणि प्रवेश दोन्ही फुकट आहे. बोर्डवॉक या तळ्याकाठच्या डिस्ने हॉटेलच्या परिसरात एखाद्या ठिकाणी जेवायला जावं आणि मग पाण्याच्या कडेने फिरावं. एवढ्याने ओढ टिकते, आणि वर्षभराने आत पाऊल टाकलं की छाती धडधडते, अगदी पूर्वीसारखी.

पाहुण्यांबद्दल थोडक्यात सांगते. येतील, खूप येतील, आणि प्रत्येकाला तुम्हीच बरोबर हव्या असाल. एक दिवस सोबत जायचं, बाकीचे दिवस त्यांनी त्यांचं फिरायचं, असं पहिल्यापासूनच ठरवून टाका. तो एक दिवस मात्र मनापासून द्या. माझ्या सासूबाईंनी मोनोरेलच्या खिडकीतून पहिल्यांदा कॅसल पाहिला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. त्या दिवशी मी पार्क बघितलाच नाही, त्यांचा चेहराच बघत होते.

आता मुलांविषयी, कारण तुमची खरी काळजी तीच असणार. आमच्याकडे रात्री आतषबाजीचे आवाज येतात, गॅलरीत गेलं तर झाडांच्या वर रंगही दिसतात. मुलगी लहान होती तेव्हा आवाज झाला की धावत बाहेर जायची. काही वर्षांनी ती गृहपाठाच्या वहीतून मान वर करेनाशी झाली. मला ते लागलं. जगभरातून लोक ज्यासाठी येतात ते हिच्या खिडकीबाहेर चाललंय आणि हिला त्याचं काहीच नाही, असं वाटायचं.

पण तिचं नातं दुसरीकडे जुळत होतं. अॅनिमल किंगडम या प्राण्यांच्या पार्कमध्ये गोरिला फॉल्स नावाची पायवाट आहे. पाहुणे सफारी संपवून तिथे येतात, फोटो काढतात आणि पुढच्या राइडकडे पळतात. ही मात्र तिथे कठड्याला टेकून अर्धा-अर्धा तास उभी राहायची. गोरिलांचं एक कुटुंब आहे आणि नुसत्या नरांचा एक वेगळा गट आहे, हे तिनेच आम्हाला सांगितलं. कोण कुणाजवळ बसतो, पाऊस आला की कोण आधी उठतो, याचं तिचं निरीक्षण चालायचं. तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून ती भंडावून सोडायची, आणि ते लोकही न कंटाळता उत्तरं द्यायचे. सहलीला आलेल्या मुलाला एवढा वेळ कोण देणार? तिला डिस्नेचं अप्रूप नाही असं आता मी म्हणणार नाही. तुमच्या मुलांचंही असंच काहीतरी होईल. त्यांना कुठली जागा आवडावी हे तुम्ही ठरवू नका, आणि आतषबाजीकडे बघत नाहीत म्हणून रागावू तर अजिबात नका.

एका गोष्टीची कल्पना मात्र मला कुणी दिली नव्हती. जवळ राहणाऱ्याला निरोपही जवळून द्यावे लागतात. पाहुणा येतो तेव्हा त्याला नवीन काय उघडलं ते दिसतं. आपल्याला जे गेलं ते आठवत राहतं. एपकॉटच्या नॉर्वे दालनातली मेलस्ट्रॉम ही बोटीची राइड 2014 मध्ये गेली, ग्रेट मूव्ही राइड 2017 च्या ऑगस्टमध्ये. स्प्लॅश माउंटन 2023 च्या जानेवारीत बंद झाली आणि 2024 च्या जूनमध्ये तिथे टियाना या डिस्नेच्या राजकन्येची राइड आली, ती माझ्या मुलीला फार आवडते. पण 6 जुलै 2025 हा मॅजिक किंगडममधल्या रिव्हर्स ऑफ अमेरिकाचा शेवटचा दिवस होता, तो मला जड गेला. 1971 मध्ये पार्क उघडला तेव्हापासूनची ती नदी, तिच्यातली ती मोठी चाकाची बोट, मधलं टॉम सॉयर बेट. तिथे थरार असा काही नव्हता. सावली होती, पाणी होतं, बसायला जागा होती. एवढ्या गजबजाटात ती एकच जागा अशी होती जिथे कुणाला कसली घाई नसायची. ती गेल्याचं दुःख मला अजून आहे. ज्या जागेचं मन भरलंय तिच्यासाठी माणूस असा हळहळत नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला आधी ती नदीच आठवली.

घराचं म्हणाल तर पार्कसाठी म्हणून घर निवडू नका. नोकरीचं ठिकाण आणि शाळा आधी, पार्क नंतर. इंटरस्टेट 4 वरची संध्याकाळची गर्दी रोज अंगावर घेतलीत तर शनिवारी गाडीत बसायचीही इच्छा होणार नाही. उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी विजांचा पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड थांबतात, तेव्हा जायचं तर संध्याकाळी जा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. 2022 च्या सप्टेंबरात इयन वादळाच्या वेळी पार्क दोन दिवस बंद होते, 2024 च्या ऑक्टोबरात मिल्टनच्या वेळीही बंद ठेवावे लागले. अशा दिवसांत डिस्नेची आठवणही होत नाही. पाणी भरून ठेवणं, खिडक्यांना फळ्या ठोकणं, वीज कधी येते याची वाट बघणं, हेच चालतं. फ्लोरिडात राहायचं म्हणजे हेही आलंच.

आणि एक काम इथे यायच्या आधीच करा. सामान हलवण्यापूर्वी एक पूर्ण सहल करा, नेहमीसारखी. हॉटेलात राहा, तारखा लवकर ठरवा म्हणजे मुलांना फुल्या मारायला वेळ मिळेल, शेवटच्या रात्री गर्दी पांगेपर्यंत मेन स्ट्रीटवर थांबा. अशी सहल नंतर होणार नाही, तेव्हा ती घाईत उरकू नका. इथे आल्यावर पहिले काही महिने पास घेऊ नका, शाळा आणि ऑफिसची घडी बसू द्या.

नोकरी शहराच्या कुठल्या भागात आहे ते कळवा. विंटर गार्डन, क्लेरमाँट आणि सेलिब्रेशन या तिन्ही ठिकाणी माझ्या चांगल्या ओळखी आहेत, शाळा आणि रोजच्या प्रवासाबद्दल त्यांना विचारून सांगते.