माळ्यावरची रेंज माजघरापर्यंत : मोबाइल डेटा घरभर कसा पोचवावा?

प्रश्न : आमचे घर सावंतवाडी तालुक्यातील एका गावात असून ते जांभ्याच्या चिऱ्यांचे, कौलारू आणि जुन्या बांधणीचे आहे. वाडीपर्यंत फायबर आलेले नाही. मोबाइलची रेंज फक्त माळ्यावरच्या पूर्वेकडील खिडकीशी मिळते. तेथे एक जुना फोन चार्जरला लावून त्याचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवतो. पण माजघरात आणि मागच्या खोलीत तो पोचत नाही आणि दुपारपर्यंत फोन हातात धरवत नाही इतका तापतो. मुलगी घरून नोकरीचे काम करते, नातवाचा अभ्यासही नेटवरच असतो. मुंबईच्या जागेतील जुना वायफाय राऊटर आमच्याकडे पडून आहे. दुकानदार म्हणतो, बूस्टर बसवा. काय करावे?

उत्तर : आधी बूस्टरविषयी, कारण तो आपण कृपया घेऊ नये. मोबाइलचा सिग्नल वाढवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे, विकणे आणि वापरणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे. बाजारात ते उघडपणे मिळते म्हणून ते चालते असे होत नाही. शिवाय असे यंत्र टॉवरकडे जाणाऱ्या लहरींमध्ये गोंगाट मिसळते, आणि मग साऱ्या वाडीची रेंज बिघडते.

आपल्या घरात प्रत्यक्षात दोन वेगवेगळी कामे आहेत. टॉवरचा सिग्नल पकडणे हे एक आणि मिळालेले नेट खोल्यांमध्ये पोचवणे हे दुसरे. सध्या एकच फोन ही दोन्ही कामे करतो आहे. पहिल्या कामासाठी त्याला खिडकीशी राहावे लागते आणि दुसऱ्यासाठी त्याने घराच्या मध्यभागी असायला हवे. फोनची वायफाय लहर मुळात बेताची असते, आणि दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची भिंत तिला सहज रोखते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओल्या भिंतीतून लहर आणखीच कमी जाते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आपला त्रास वाढत असणार.

म्हणून माळ्यावर फोनऐवजी सिमकार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राऊटर ठेवावा. तो घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : तो एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, त्याला केबल लावण्यासाठी निदान एक लॅन पोर्ट आहे ना आणि बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय आहे ना. तिसरी गोष्ट नसली तरी चालेल, पहिल्या दोन सोडू नयेत. चार्जरला लावलेला फोन सतत तापत राहिला की त्याची बॅटरी फुगण्याचा धोका असतो, आणि वर लाकडी वासे असलेल्या माळ्यावर हा धोका पत्करणे मला अजिबात योग्य वाटत नाही. अशा राऊटरमध्ये सहसा बॅटरी नसते. तो त्याच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर वर्षानुवर्षे चालतो आणि वीज गेली तर राऊटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर काही तास तग धरतो.

राऊटरची जागा अंदाजाने ठरवू नये. ज्या कंपनीचे सिम घालणार तेच सिम फोनमध्ये घालून सेटिंगमधील सिम स्टेटस हे पान उघडावे. तेथे सिग्नलचा आकडा डीबीएम या सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात दिसतो आणि त्याच्यापुढे ऋणचिन्ह असते. ऋण ८५ च्या आसपासचा आकडा चांगला, ऋण १०० कामचलाऊ आणि ऋण ११० च्या पलीकडे नेट सारखे तुटते. दहा आकड्यांचा फरक किरकोळ नव्हे, कारण ऋण ११० वरून ऋण १०० वर आल्यास मिळणारी शक्ती दहापट झालेली असते. खिडकीच्या चौकटीशी, वाशाजवळ, हातभर उजवीकडे-डावीकडे असा फोन ठेवून प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबावे आणि आकडा लिहून घ्यावा. घरात ज्या ज्या कंपन्यांची सिमकार्डे आहेत ती सर्व या रीतीने पारखावीत. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि भिंतींतून बऱ्या पोचतात, तर २३०० च्या लहरी तितक्या पोचत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याकडे उत्तम चालणारी कंपनी आपल्या खिडकीशी उत्तम चालेलच असे नाही.

आता दुसरे काम. येथे आपला जुना राऊटर उपयोगी पडेल. माळ्यावरून माजघरापर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल (राऊटर एकमेकांना जोडणारी नेटची केबल) टाकावी. ही केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, म्हणजे आपल्या घराला ती कितीतरी पुरेशी आहे. भिंतीबाहेरून नेणार असाल तर उन्हापावसात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची घ्यावी आणि विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोके काढून ठेवावीत. केबलच्या जागी वायफाय एक्स्टेंडर स्वस्त आणि सोपा वाटतो, परंतु साधा एक्स्टेंडर ज्या वाहिनीवर ऐकतो त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो आणि त्यामुळे वेग निम्म्यावर येतो; त्यातही मधली भिंत चिऱ्याची असेल तर पहिल्यांदा त्यालाच ऐकू येत नाही. एकदा केबल टाकण्याची खटपट करावी, असेच मी आग्रहाने सांगेन.

जोडणी करताना एक जागा हमखास चुकते. जुन्या राऊटरला आधी एकट्याला लॅपटॉप जोडावा आणि त्याचे सेटिंगचे पान उघडावे. माळ्यावरच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा, पत्ते वाटण्याचे काम करणारे डीएचसीपी बंद करावे आणि वायफायचे नाव व पासवर्ड ठरवावा. त्यानंतर वरून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटसाठीच्या खाचेत) न घालता लॅन पोर्टमध्ये घालावी. वॅनमध्ये घातली तरी नेट चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. परंतु तेव्हा घरात दोन वेगळी जाळी (नेटवर्क) तयार होतात आणि माळ्यावर बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपला माजघरातला प्रिंटर सापडत नाही. वरील रीतीने जोडल्यास सारे घर एकाच जाळ्यात येते. जाड भिंतीपलीकडच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ ठेवावे. जेथे राऊटर समोर दिसतो तेथे ५ गिगाहर्ट्झ अधिक वेगवान पडते.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी लातूरला भाड्याच्या खोलीत राहतो. वर्गणी काढून सिमचा राऊटर घेतला. रोजचा २ जीबी डेटा सकाळी दहाच्या आत संपतो, आणि कोणी सिनेमा पाहत नाही अशी सर्वांची खात्री आहे. मग डेटा जातो कुठे?

उत्तर : तुमच्या फोनला ही जोडणी वायफाय म्हणून दिसते, आणि वायफाय म्हणजे मोजमाप नसलेले नेट असे फोन गृहीत धरतो. मोबाइल डेटावर जी कामे त्याने अडवून ठेवलेली असतात ती सर्व, म्हणजे फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे, येथे तो मोकळेपणाने सुरू करतो. असे चार फोन आणि त्यात एखाद्या लॅपटॉपचे विंडोज अपडेट आले की दोन जीबी पुरणे शक्यच नाही. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या तपशिलात जाऊन ते मीटर्ड, म्हणजे मोजमाप असलेले, करावे, आयफोनमध्ये लो डेटा मोड आणि विंडोजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करावे. हे प्रत्येक उपकरणावर एकदाच, पण प्रत्येकाने करायला हवे. एकाने टाळले तरी बाकीच्या तिघांचा डेटा जातो. व्याख्यानांचे व्हिडिओ ४८०पी या साध्या दर्जावर पाहावेत. उत्तम दर्जाचा व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, साधा १ जीबीच्या आत राहतो आणि फळ्यावरची अक्षरे त्यातही वाचता येतात.

प्रश्न : नाशिकजवळच्या शेतघरात सिमच्या राऊटरवर कॅमेरे लावले आहेत. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवणारे राऊटरचे सेटिंग) करूनही पुण्याहून ते दिसत नाहीत.

उत्तर : राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १०.ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो आपला स्वतंत्र पत्ता नाही. जगात आयपीव्ही४ पद्धतीचे (चार आकड्यांचे) इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत, त्यामुळे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, १००.६४ पासूनचा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत बाहेरून आलेली हाक आपल्या राऊटरपर्यंत पोचतच नाही, आणि पोर्ट फॉरवर्डिंगमधील कोणतीही दुरुस्ती उपयोगाची ठरत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या ॲपमधून, क्यूआर कोड वापरून जोडणी करावी, कारण तेथे कॅमेरा स्वतःच बाहेर संपर्क साधतो. मात्र चित्रण सतत बाहेर पाठवू नये. सेकंदाला १ मेगाबिट एवढ्याच दराने धरले तरी एक कॅमेरा दिवसाला सुमारे १०.८ जीबी खर्च करतो. चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर साठवावे, हालचाल झाली तरच सूचना यावी असे सेटिंग करावे आणि ॲप उघडून पाहणे गरजेपुरते ठेवावे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड अद्याप बदलला नसेल तर तो आजच बदलावा.