पाण्याखालचा जोडीदार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ‘ओपन वॉटर’चा कोर्स केलाय. डिसेंबरात एकटीच अंदमानला, स्वराज द्वीपला जाणार आहे. बोटीवर ज्याच्याशी जोडी लावतील तो अनोळखीच असेल. त्याला काय विचारायचं?
– वाचक, ठाणे

उत्तर: किती डाइव्ह झाल्या, हे सगळेच विचारतात. त्याआधी विचारा, शेवटची डाइव्ह कधी झाली? साठ डाइव्ह करून तीन वर्षं पाण्याला न शिवलेल्यापेक्षा गेल्याच आठवड्यात पाण्यात उतरलेला नवखा बरा. मग पुढचे तीन प्रश्न: कॅमेरा आणलाय का, कान मोकळे व्हायला वेळ लागतो का, हवा लवकर संपते का. शेवटच्या प्रश्नाला ‘कल्पना नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा) वारंवार बघण्याचं काम आपलंच समजा.

खुणा बोटीवरच करून बघा. नवखे लोक ‘सगळं ठीक’ म्हणून सवयीने अंगठा वर करतात. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. ‘ठीक’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. या घोटाळ्यापायी चांगली डाइव्ह पाचव्या मिनिटाला आटोपते.

मग एकमेकांची तपासणी. बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात, हवा भरून आणि सोडून बघा. त्याची खाली जाण्यासाठी बांधलेली शिशाची वजनं कुठे आहेत, ती कशी सुटतात, बकल किती आणि कुठे, हे हात लावून बघा. त्याचा पिवळा ऑक्टोपस (अडचणीत जोडीदाराने श्वास घ्यायचा जादा रेग्युलेटर) कुठे अडकवलाय ते ठरलेलं असू द्या, आणि त्यातून दोन श्वास घ्या. शेवटी गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीची हवा तोंडात देणाऱ्या उपकरणातून, चार दमदार श्वास. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह जेमतेमच उघडलाय. वर बोटीत तेवढी हवा पुरते. 15 मीटरवर दर श्वासाला अडीच पट हवा लागते, तिथे मात्र ओढूनही येत नाही.

एवढं करूनही मन मानत नसेल तर डाइव्हमास्टरला, म्हणजे डाइव्हला सोबत नेणाऱ्याला, सांगा आणि जोडी बदलून घ्या. कोणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, हा या खेळातला नियमच आहे. भिडेपोटी पाण्यात उतरू नका.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको नेहमी एकत्र डाइव्ह करतो. यांची हवा माझ्या कितीतरी आधी संपते आणि दोघांनाही वर यावं लागतं. मग परतीच्या बोटीत अबोला. काय करावं?
– वाचक, पुणे

उत्तर: आधी हिशेब मांडू, म्हणजे दोष कुणाचा हा वाद मिटेल. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी 11.1 लिटरची. टाकीतला दाब बारमध्ये मोजतात: 200 बारपासून सुरुवात आणि 50 बार राखीव, म्हणजे वापरायला 150 गुणिले 11.1, सुमारे 1,665 लिटर. पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला 15 लिटर घेता आणि ते 22, असं धरू. 18 मीटरवर दाब 2.8 पट. तुम्हाला जवळपास 40 मिनिटं मिळतात, त्यांना 27. पण हीच डाइव्ह 10 मीटरवर केली तर त्यांनाही 38 मिनिटं मिळतात. प्रवाळ आणि मासे तिथेही भरपूर असतात, उजेडही जास्त. 15 लिटरची टाकी मिळाली तर 18 मीटरवरही ते 36 मिनिटं राहतील.

मोठ्या शरीराला हवा जास्तच लागते, त्याला इलाज नाही. पण बहुतेकांची हवा फुकट जाते ती जादा वजनामुळे. कमरेला शिसं जास्त, म्हणून बीसीडीत हवा जास्त, म्हणून पाय खाली लोंबतात आणि माणूस तिरका पोहतो. वजन तपासायचं ते असं: रिकामी बीसीडी, नेहमीचा श्वास रोखलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत. टाकी भरलेली असेल तर वर दोन किलो वाढवा, कारण डाइव्ह संपेपर्यंत तेवढ्या वजनाची हवा वापरली जाते. हात वल्हवत असतील तर छातीशी दुमडून ठेवायला सांगा.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘तुझ्या ऑक्टोपसवर दहा मिनिटं काढतो’ ही युक्ती काही जोडपी वापरतात. ती हवा अडचणीसाठी आहे, वेळ वाढवायला नाही. त्यापेक्षा ज्याचा काटा आधी 100 वर येईल त्याने खूण करायची आणि दोघांनी परत फिरायचं, हे आधीच ठरवा. वर गेल्यावर कुरकुर नाही, हेही.

प्रश्न: मालवणला पाणी गढूळ होतं, मित्र फोटो काढत मागे राहिला आणि दिसेनासा झाला. मी बराच वेळ शोधत राहिलो. चुकलं का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: हो. एक मिनिट शोधायचं. जागेवरच गोल फिरून बघायचं, वर-खालीही बघायचं, बुडबुड्यांची रेघ शोधायची. नाही दिसला तर मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर यायचं. त्यानेही तेच केलं, तर दोघं पृष्ठभागावर भेटता. एक जण खालीच शोधत राहिला की वरचा माणूस घाबरून पुन्हा खाली उतरतो, आणि खरी गडबड तिथून सुरू होते. 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा अशा वेळी घ्यायचा की नाही, ते बोटीवरच ठरवा, म्हणजे वर कोण किती वेळ वाट बघणार हे दोघांनाही माहीत असेल.

आणि गढूळ पाण्यात मागे-पुढे पोहू नका. खांद्याला खांदा, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर. कॅमेरावाल्याने थांबण्याआधी टाकीवर टकटक करायची.